एसी गार होईना? आधी क्लचचा आवाज ऐका

उद्यमनगरात गाडी लावली की गिऱ्हाईक पहिलंच म्हणतं, "गॅस भरा." थांबा की भावा! इंजिन चालू ठेवून एसी लावा, कंप्रेसरच्या क्लचचा (कंप्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा भाग) 'टक्' ऐका. नाही आला तर फ्यूज, मग रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) बघा. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असला तर अदलाबदल करा, फुकटातली तपासणी.

तरी गप्पच? क्लचच्या सॉकेटात मीटर लावा. 12 व्होल्ट आणि अर्थ बरोबर असेल तर क्लचच्या कॉइलचा (तारेच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स मोजा. साधारण 3-4 ओहम पाहिजे. तेही ठीक असलं तर क्लचची गॅप, म्हणजे चकत्यांमधली फट, वाढलेली. व्होल्टच नसले तर वायरिंग आणि गॅसचा दाब बघणारा प्रेशर स्विच तपासा. गॅस कमी असला तरी हाच स्विच करंट तोडतो, तो डायरेक्ट करून (वायर थेट जोडून) कंप्रेसर पळवू नका. परवा एका गाडीत तर उंदरानं वायर कुरतडलेली निघाली, बॉनेटखाली शेंगांची टरफलं!