हाताने बांधलेली फ्लाय तलावावर तपासताना या चुका टाळा

घरी बांधलेली फ्लाय (हुकावर पिसे, दोरा बांधून केलेले मासेमारीचे कृत्रिम आमिष) तलावावर नेली, तासभर फेकली, मासा लागला नाही आणि म्हणून ती कायमची बाजूला टाकली, ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. मासा न लागण्यामागे चढलेले ऊन, गढूळ पाणी किंवा वारा यांपैकी काहीही असू शकते. बांधणीतला दोष मात्र मासा न लागताही डोळ्यांना दिसतो. त्यासाठी पहिली दहा मिनिटे माशाचा विचार सोडून, काठाजवळच्या स्वच्छ, गुडघाभर पाण्यात फ्लाय हळूहळू ओढून तिची चाल पाहावी.

भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या कामासाठी उत्तम, कारण काठाला पाणी उथळ असते आणि चिलापी सहसा जवळच असते. मात्र असे बरेच तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यामुळे आधी परवानगी घ्यावी.

कोरडी फ्लाय थेट फेकून ‘ही बुडतच नाही’ असा निष्कर्ष काढू नये. फ्लायला बांधलेल्या माराबू नावाच्या मऊ पिसांत हवा अडकलेली असते. बोटांनी पाण्याखाली दाबून बुडबुडे निघून गेले, की मगच ती किती वेगाने खाली जाते हे मोजावे.

फ्लायचे शेपूट लांब ठेवण्याचा मोह सर्वांत महागात पडतो. पाण्यात ते सुंदर लहरते, पण फेकताना हुकाच्या वाकाभोवती गुंडाळले जाते; शिवाय चिलापीचे तोंड लहान असल्यामुळे ती शेपटाचे टोक चिमटून जाते आणि हुक तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. दोरीला बारीक टकटक जाणवते पण मासा अडकत नाही, असे वारंवार होत असेल तर शेपूट हुकाच्या सरळ दांड्याएवढे आखूड करावे. कात्रीने सरळ रेषेत कापल्यास ते झाडूसारखे दिसते, म्हणून जादा तंतू नखांच्या चिमटीत धरून तोडावेत.

फ्लाय एका अंगावर कलत असेल तर तिला डोळे म्हणून बांधलेले मणी तपासावेत. कीचेनच्या साखळीचे दोन मणी दांड्याच्या वरच्या बाजूला, दोन्हीकडे सारखे बसले, तर हुकाचे टोक वर राहते आणि शेवाळात कमी अडकते. मणी सरकत असतील तर दोष बहुधा बांधणीच्या पायाभरणीत असतो: गुळगुळीत धातूवर आधी दोऱ्याचा एक थर न देता साहित्य बांधले, की पहिल्या झटक्यातच ते गोल फिरते. हवाई चप्पलच्या रबराचा बेडूक, म्हणजे बेडकासारखी फ्लाय, बांधणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. तिथे दोऱ्याच्या थरावर थोडा गोंदही हवा.

शेवटची गाठ पक्की करण्यासाठी नेलपॉलिश लावले, की हुकाचा डोळा, म्हणजे दोरी ओवायचे छिद्र, बुजतो. एकदा पहाटे काठावर पोहोचल्यावर माझ्या पाचही फ्लायमधून दोरी जाईना, आणि शेवटी बाभळीच्या काट्याने ते डोळे मोकळे करावे लागले. पॉलिश ओले असतानाच डोळ्यातून सुई फिरवली असती, तर तो अर्धा तास वाचला असता.

एकाच वेळी रंग, वजन आणि गाठ बदलणे हीही चूकच. हलकी फ्लाय ताठ, जाड दोरीला घट्ट गाठीने बांधली तर ती मेल्यासारखी सरळ ओढली जाते. तीच सैल फासाच्या गाठीने बांधून पाहावी, आणि चाल सुधारली तर बांधणीला हातही लावू नये.

हुकाचा काटेरी दात पकडीने दाबून टाकावा, म्हणजे चाचणीत लागलेला मासा पटकन सोडता येतो. पावसाळ्यात मात्र पृष्ठभागावर लालसर पिलांचा घोळका दिसला, तर तिथे बेडूक फेकू नये. खाली मरळ पिलांची राखण करत असते. ती भूक नसतानाही झेपावते, त्यामुळे त्या झेपेवरून फ्लायबद्दल काहीच कळत नाही आणि ती लागली तर पिले उघडी पडतात.