गोळी घेतली म्हणून मिसळ माफ होत नाही: वजनाच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

कर्वे रस्त्यावरच्या एका मेडिकलमध्ये मी 19 वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे. लग्नसराई जवळ आली की ठरलेलं गिऱ्हाईक येतं, "वजन कमी करायची एखादी गोळी द्या ना. साइड इफेक्ट नको, आणि पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे." साखरपुड्यासाठी तीन किलो उतरवायचे असतील तर गोळीचं नावही काढू नका. ती लठ्ठपणासाठी असते, ब्लाउज बसवण्यासाठी नव्हे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोळीला उपासाचं पुण्य समजणं. एकादशी, दुप्पट खाशी! वजनासाठी दिली जाणारी ऑरलिस्टॅट ही गोळी भूक मारत नाही, चरबी 'जाळत'ही नाही. आतड्यात चरबी पचवणारं लायपेज नावाचं विकर असतं, त्याला ती अडवते. 60 मिलिग्रॅमची गोळी जेवणातली साधारण पाव चरबी अडवते, म्हणजे पाऊण चरबी अंगात जातेच. मस्तानीतल्या साखरेला तर ती हातही लावत नाही. अडवलेली चरबी जाते कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझ्या आतेभावानेही विचारलं नव्हतं. पाकिटातला कागद वाच म्हणून मी बजावलं होतं, पण कागद वाचेल तो आतेभाऊ कसला! रविवारी सिंहगडावर गेला. कांदाभजीच्या दोन प्लेट, पिठलं-भाकरी, वर मडक्यातलं दही. 'आज जास्त खाल्लंय' म्हणून गोळ्याही दोन. (डोस दुप्पट केल्याने काम दुप्पट होत नाही.) रविवार सुखात गेला. सोमवारी सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये उभा असताना त्याला वाटलं, नुसता वारा सरतोय. वारा नव्हता. बदामी पँटवर तळहाताएवढा केशरी तेलाचा डाग, मिसळीच्या तर्रीसारखा. पाठीवरची सॅक खाली ओढून डाग झाकत तो वाकडला उतरला आणि घरी जाणाऱ्या रिक्षातून मला फोन करून शिव्या घातल्या. गोळीने तिचं काम चोख केलं होतं.

माझा हिशोब साधा आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास 14 ग्रॅम चरबी, आणि गोळी घेताना एका जेवणाला 15 ग्रॅमच्या आसपास थांबायचं. फोडणी, तूप, शेंगदाण्याचं कूट, सगळं त्यातच. आमच्याकडे आठवड्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवतात. बाटली गुरुवारी संपली तर गडबड कुठे आहे ते कळतं. गोळी जेवताना किंवा जेवणानंतर तासाभरात घ्यायची. जेवण चुकलं किंवा बिनतेलाचं असलं तर गोळीही नाही.

दुसरा माझा राग कुरियरने येणाऱ्या 'शंभर टक्के हर्बल' कॅप्सूलवर. बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, पण भूक मात्र झटक्यात मरते. तिथेच शंका यायला हवी. सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध हृदयाच्या धोक्यामुळे 2010 मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं, आपल्याकडेही त्यावर बंदी आली. तरी अशा 'नैसर्गिक' कॅप्सूलमध्ये तपासणीत ते पुन्हा पुन्हा सापडलंय. एक बाई अशी बाटली घेऊन आल्या, "दादा, छातीत धडधडतंय, झोप नाही, पण चार किलो गेले हो." चार किलोंचा आनंद चेहऱ्यावर तसाच होता. मी बाटली पिशवीत घालून त्यांच्याच हातात दिली आणि आधी ईसीजी काढायला पाठवलं. वजनाच्या कॅप्सूलमध्ये घालतात ते गार्सिनिया हे फळ आपल्या कोकमाच्या कुळातलं म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच्या आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सोलकढी प्या, तिला कोण नाही म्हणतंय!

जुलाबाच्या गोळीने पाणी जातं, चरबी नाही. इसबगोल कोरडं तोंडात टाकू नका, घशात अडकतं. पेलाभर पाणी हवंच. थायरॉईडची गोळी आणि ऑरलिस्टॅट यांत चार तासांचं अंतर ठेवा. मल्टिव्हिटॅमिन रात्री झोपताना, कारण चरबीबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही वाहून जातात. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, पित्ताशयाचा त्रास असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी डॉक्टर. डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी गोळी बंद.

आणि रोज सकाळी काट्यावर चढू नका. आठवड्यातून एकदा पुरे, त्याच वाराला, चहाच्या आधी. तीन महिन्यांत 80 किलोचे 76 झाले नाहीत, तर पुढचं पाकीट मागायला येऊ नका. मी विकणारा माणूस असून सांगतोय.