पेंड परवडत नाही? मग मेंढरांच्या प्रोटीनसाठी बांधावर बघा

आमच्या सिन्नर-येवल्याकडं फेब्रुवारी लागला की रान वाळतं, मग मेंढरांपुढं काय तर ज्वारीचा कडबा, आणि पेंड आणायला जावं तर भाव ऐकून माणूस अर्धं पोतं घेऊन माघारी येतो. पण प्रोटीन काय फक्त पेंडीतच असतं का?

आधी हिशोब बघा. ३० किलोची मेंढी दिवसाला साधारण १ किलो सुका चारा खाते, त्यातून तिला १०० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं, शेवटच्या दीड महिन्यातली गाभण असेल तर अजून जास्त. कडब्यात प्रोटीन ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नुसत्या कडब्यावर ४० ग्रॅम मिळतात, बाकीचे ६० कुठून आणायचे? सुबाभळीच्या वाळलेल्या पाल्यात २० ते २५ टक्के असतं. ७०० ग्रॅम कडबा आणि ३०० ग्रॅम हा पाला दिला की ९० ते १०० ग्रॅमच्या आसपास जातं, वर मूठभर तुरीची चुनी (डाळ करताना निघणारा चुरा आणि टरफलं) टाकली की भागतं. पाला ओला असेल तर किलोभर धरा.

मात्र सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेऊ नका, तिच्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त झालं की लोकर गळते आणि जनावर खाणं सोडतं. शेवरी, हादगा, शेवगा जे बांधावर असेल ते आलटून पालटून द्या. पाला सावलीत वाळवायचा आणि खाली ताडपत्री टाकायचीच, कारण वाळताना पानं झडतात आणि प्रोटीन पानातच असतं, काड्यात नाही.

बाभळीच्या शेंगा मेंढरं आवडीनं खातात, पण बी कडक असतं आणि अख्खंच लेंडीतून बाहेर पडतं, म्हणून भरडून द्या.

अझोल्याचं, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या बारीक वनस्पतीचं, फार कौतुक चालतं, पण खरं सांगतो, त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. किलोभर ओल्या अझोल्यातून १०-१५ ग्रॅम प्रोटीन मिळतं, ४० मेंढरांना पुरवायला किती वाफे करणार? चार कोकरांना ठीक आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एप्रिलच्या खरड छाटणीत द्राक्षाचा पाला फुकट मिळतो, तो आणू नका. बागेवर बुरशीसाठी बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी झालेली असते, त्यातल्या मोरचुदात तांबं असतं, आणि तांबं मेंढीला शेळी-गाईपेक्षा कितीतरी लवकर बाधतं. ते आठवडे न् आठवडे लिव्हरमध्ये साठत राहतं, वरून काहीच दिसत नाही, आणि मग एके दिवशी मेंढी एकदम बसते. माझ्या दोन दख्खनी मेंढ्या अशाच गेल्या, पापणी उलटून बघितली तर आत हळदीसारखी पिवळी, आणि लघवी काळ्या चहासारखी. त्या दिवसापासून गाईचं मिनरल मिक्श्चरसुद्धा मी मेंढरांना घालत नाही, त्यातही तांबं असतं, मेंढीचं वेगळं मिळतं तेच घ्या.

कोणताही नवा पाला १०-१५ दिवसांत हळूहळू वाढवायचा. पहिल्या दिवशी मेंढीमागं दोन मुठी, तेही कडब्यात कालवून, आणि सकाळी लेंडी बघायची. पातळ झाली असेल तर दोन दिवस तिथंच थांबा, गोळी बांधली की मग पुढची मूठ.