सर्चलाइटचा झोत वर ठेवला की खाली घसरतो : माझा अनुभव

आडवं फिरणं ठीक होतं. वर उचललेला झोत मात्र कंपनाने हळूहळू खाली यायचा, आणि वर-खाली करायचं हातचाक उलटं फिरवलं की आधी थोडं मोकळंच फिरायचं. ग्रीस बदललं, कंसाचे बोल्ट आवळले; फरक शून्य, वैताग पुरेपूर. (झोत वर-खाली करणारा वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखा दांडा (वर्म) आणि त्याने फिरणारं दातेरी चाक, भाराने उलटा फिरत नाही म्हणतात; सततच्या कंपनात तो भरवसा नको.)

वीज बंद केली, दिवा थंड होऊ दिला. दिव्याचा डबा धरून ठेवत वर्म दातांपासून सोडवला. काचेची बाजू खाली झुकली, म्हणजे तोल पुढे. डबा कुठल्याही कोनात स्थिर राहीपर्यंत मागे वजन वाढवलं. मग वर्मच्या टोकाशी पातळ शिम (फट भरणारी चकती) घालून त्याच्या दांड्याची मागेपुढे हालचाल काढली. वर्म दातांशी जुळवला, पूर्ण पल्ल्यात अडकत नाही ना पाहिलं, तेव्हाच बोल्ट आवळले.