लेअरची फाइल छपाईला देताना रंग कसे सांभाळावेत

ठाण्यात गुढीपाडव्याला कोपिनेश्वर मंदिरापासून स्वागतयात्रा निघते. एका वर्षी तिथल्या भगव्या फेट्यांचा फोटो मी स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी तयार केला. स्क्रीनवर फेटे नुसते झळकत होते, छापून आले ते विटकरी. छापखान्यावर खापर फोडायची सोय नव्हती. बारा लेअरची, म्हणजे एकावर एक रचलेल्या बारा थरांची, फाइल मीच घाईत सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, ढकलली होती.

फोटोशॉपमध्ये फाइल उघडल्यावर आधी खालच्या पट्टीतल्या बाणावर क्लिक करून ‘डॉक्युमेंट प्रोफाइल’ निवडा. प्रोफाइल म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा नेमका कोणता रंग समजायचा ते सांगणारी नोंद. फाइल एसआरजीबीत आहे, अडोबी आरजीबीत (दोन्ही लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या आरजीबी पद्धतीची प्रोफाइल) की विनाप्रोफाइल, ते कळेल. विनाप्रोफाइल असेल तरच ‘असाइन प्रोफाइल’ वापरा, एरवी ‘कन्व्हर्ट टु प्रोफाइल’. शिंप्याच्या भाषेत सांगायचं तर 40 इंचाला 40 सेंटिमीटर म्हणणं म्हणजे असाइन: आकडा तोच, सदरा भलताच. 40 इंचांचे 101.6 सेंटिमीटर करणं म्हणजे कन्व्हर्ट.

पण कन्व्हर्ट बरोबर केलं तरी लेअर दगा देतात. कारण फोटोशॉप प्रत्येक लेअर सुटा बदलतो आणि लेअरचं मिश्रण नव्या आकड्यांवर पुन्हा करतो. काळ्यावर पांढरा लेअर 50 टक्के ओपॅसिटीने, म्हणजे अर्धा पारदर्शक, ठेवा. एसआरजीबीत मिश्रण 128 येतं (0 काळा, 255 पांढरा). तीच फाइल प्रोफोटो आरजीबी या आणखी एका प्रोफाइलमध्ये नेली तरी 128च येतं, पण प्रोफोटोचा गॅमा, म्हणजे कोणत्या आकड्याला किती उजेड ते ठरवणारा घातांक, 1.8 असल्याने तो करडा एसआरजीबीतल्या साधारण 146 इतका उजळ असतो. मऊ कडांचे मास्क (लेअरचा ठरावीक भागच दिसू देणारे पडदे), सावल्या, लेअर मिसळण्याचा ‘स्क्रीन’ मोड, सगळीकडे हाच घोळ. सीएमवायकेत तर व्हायब्रन्स आणि ब्लॅक अँड व्हाइट हे अ‍ॅडजस्टमेंट लेअर (खालच्या लेअरचे रंग बदलणारे थर) चालतच नाहीत.

म्हणून मूळ फाइल आरजीबीतच राहू द्या. छापखान्याला फोन करून कोणतं प्रोफाइल हवं ते विचारा, अंदाजाने निवडू नका. मग ‘व्ह्यू’मधल्या ‘प्रूफ सेटअप’च्या ‘कस्टम’मध्ये ते प्रोफाइल निवडा. कंट्रोल आणि वाय दाबलं की छपाईतला रंग दिसतो आणि पुन्हा दाबलं की मूळ. त्यात शिफ्टही धरली, तर शाईच्या आवाक्याबाहेरचे रंग राखाडी होतात. माझे सगळे फेटे राखाडी झाले असते! अशा जागी मास्क लावून ‘ह्यू/सॅच्युरेशन’ने रंग थोडा उतरवा. झळाळी थोडी जाते, पण कापडाच्या चुण्या वाचतात.

आता ‘सेव्ह अ‍ॅज’ने प्रत करा, नावात ‘छपाई’ घाला, आणि त्या प्रतीवरच कन्व्हर्ट करा. तिथे ‘फ्लॅटन इमेज’वर टिक हवीच. आवाक्याबाहेरचे रंग शाईत कसे बसवायचे त्याचे पर्यायही तिथेच असतात; त्यातल्या ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ आणि काळ्याची पातळी जुळवणाऱ्या ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ने बहुतेक फोटो निभावतात. गडद भगव्यातल्या चुण्या सपाट झाल्या, तर ‘परसेप्च्युअल’ करून पाहा. टिफ सेव्ह करताना प्रोफाइल एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच जोडा. व्हॉट्सअ‍ॅपसाठी वेगळी प्रत, एसआरजीबीतली जेपेग.

मुखपृष्ठावरची अक्षरं मात्र या फाइलमध्ये ठेवू नका. आरजीबीतला काळा कन्व्हर्ट होताना सहसा चारही शायांत वाटला जातो, आणि प्लेट केसभर सरकली तरी बारीक मजकुराला रंगीत कड येते. मजकूर पान लावणाऱ्याकडे द्या, तो फक्त काळ्या शाईत लावेल.