सुपीरियरवर वसंतात कनू नेताना

सुपीरियर सरोवराच्या कॅनडाकडच्या काठाने मे-जूनमध्ये कनू वल्हवायला जाणार असाल, तर कपडे हवा बघून नव्हे, पाणी बघून घाला. बाहेर २० अंशांचं छान ऊन असलं तरी पाणी तेव्हा जेमतेम ४ अंशांच्या आसपास असतं. त्यात पडलं की पहिल्या मिनिटभर श्वासावर ताबा राहत नाही आणि दहाएक मिनिटांत हातातली ताकद जाते. पट्टीचा पोहणाराही तिथे हतबल होतो. म्हणून लाइफ जॅकेट होडीत ठेवू नका, अंगात घालून बंद आवळा. ड्रायसूट, म्हणजे पाणी आत शिरू न देणारा अंगभर पोशाख, भाड्याने मिळाला तर जरूर घ्या, आत लोकरीचे कपडे.

पुकास्क्वा राष्ट्रीय उद्यानाकडचा किनारा खडकाळ आहे. उभ्या कड्यांवर आपटून परतणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांना भिडतात आणि पाणी वेडंवाकडं उसळतं. तेव्हा कड्याला खेटून जाऊ नका, पण काठापासून फार आतही नको. पहाटे निघा, दुपारचा वारा चढायच्या आत मुक्काम गाठा. धुकं उतरलं तर सरळ थांबा. त्यासाठी दोन-तीन दिवसांचा जास्तीचा शिधा मी तरी आवश्यकच मानतो.