व्हर्च्युअलबॉक्सचं अपडेट अर्ध्यात फसलं तर काय करावं

सांगलीच्या मार्केट यार्डात माझे मामा हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतात. शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढायचं त्यांचं सॉफ्टवेअर जुनं, नव्या विंडोजवर चालत नाही. म्हणून लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम, टाकून त्यात विंडोज ७ बसवून दिलंय. ऐन हंगामात एके सकाळी त्यांचा फोन आला. "अरे, त्यानं अपडेट विचारलं, मी हो म्हटलं. रेघ निम्म्यापर्यंत गेली, मग मागंच फिरली. आता उघडतच नाही. सगळ्या पट्ट्या गेल्या का रे?"

गेल्या नव्हत्या. दुकानाचं शटर अडकलं म्हणून आतला माल कुठं जात नाही. व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम वेगळा आणि तुमचं मशीन, म्हणजे त्यात चालणारा आतला कॉम्प्युटर, वेगळं. मशीन म्हणजे साध्या फाइली असतात. फोल्डर बदललं नसेल तर त्या तुमच्या युजर फोल्डरमध्ये 'व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स' नावाखाली सापडतात. त्यातली सगळ्यांत मोठी, बहुधा व्हीडीआय प्रकारची फाइल म्हणजे आतली हार्ड डिस्क.

म्हणून दुरुस्तीला हात लावण्याआधी हे अख्खं फोल्डर एक्सटर्नल डिस्कवर कॉपी करा. घाईत हीच पायरी सुटते आणि पुढचं सगळं रडगाणं तिथूनच सुरू होतं. पेन ड्राइव्हवर कॉपी करताना 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश आला, तर ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा आहे. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, जागा कितीही रिकामी असो. ड्राइव्हवरचं सामान दुसरीकडे हलवून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या-त्या वेळची जपलेली अवस्था, घेतलेले असतील तर तेही याच फोल्डरात असतात. एकटी व्हीडीआय उचलून भागत नाही, फोल्डर पूर्णच घ्या.

आता लॅपटॉप रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि चालू केल्यावर तोच परत येतो, अडकलेल्या ड्रायव्हरसकट. रीस्टार्टमध्ये तो नव्यानं सुरू होतो. मामांनी लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला होता, रीस्टार्ट एकदाही नाही.

रीस्टार्टनंतर टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिटेल्स'मध्ये व्हीबॉक्स किंवा व्हर्च्युअलबॉक्स या अक्षरांनी सुरू होणारं काही चालू आहे का ते बघा. खिडकी बंद केली तरी त्याची सेवा मागं चालू राहू शकते आणि मग इन्स्टॉलरला जुन्या फाइली बदलता येत नाहीत. एखादं मशीन चालू असेल तर ते आतून नीट शटडाउन करा. नंतर उरलेली सेवा बंद करा.

मग अधिकृत साइटवरून इन्स्टॉलर नव्यानं उतरवून घ्या, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नं चालवा. ७.० पासूनच्या आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१९ रीडिस्ट्रिब्युटेबल लागतं. तसा संदेश आला तर ते आधी टाका. इन्स्टॉल होताना नेट मध्येच तुटतं, कारण नेटवर्कचे ड्रायव्हर बसत असतात. मुलांचा ऑनलाइन क्लास चालू असेल तर तो संपू द्या. चार्जर लावलेला ठेवा, आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

तरीही रेघ मागं फिरली, तर विंडोजच्या ॲप्सच्या यादीतून जुनं व्हर्च्युअलबॉक्स काढून टाका, रीस्टार्ट करा आणि नवं बसवा. यानं तुमचं मशीन पुसलं जात नाही. मात्र व्हर्च्युअलबॉक्सच्या आत मशीनवर राइट क्लिक करून 'रिमूव्ह' करू नका. तिथं सगळ्या फाइली डिलीट करायचा पर्याय येतो आणि तो दाबला की पट्ट्या खरोखरच जातात. पुन्हा नेटवर्कच्याच टप्प्यावर अडलं, तर इन्स्टॉलरमध्ये होस्ट-ओन्ली आणि ब्रिज्ड नेटवर्किंगची खूण काढून बघा. साध्या इंटरनेटला ती लागत नाहीत.

प्रोग्राम उघडला, पण मशीनपुढं 'इनॲक्सेसिबल' दिसतंय? लाइट जाऊन सेटिंगची व्हीबॉक्स फाइल रिकामी झाली असेल. तिच्याच शेजारी नावाच्या शेवटी 'प्रेव्ह' असलेली आधीची प्रत असते. बिघडलेली बाजूला ठेवून या प्रतीला मूळ नाव द्या. मशीन 'सेव्ह्ड' अवस्थेत, म्हणजे चालू असतानाच जपून थांबवलेलं, असून सुरू होत नसेल, तर ती अवस्था 'डिस्कार्ड' करा. चालू कॉम्प्युटरची पिन काढल्यासारखंच ते. आत न जपलेलं काम जाईल, डिस्कवरचं राहील.

मशीन चालू झालं की दोन कामं उरतात. एक्सटेन्शन पॅक, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सच्या जादा सोयींचा वेगळा संच, वापरत असाल तर तो नव्या आवृत्तीचाच टाका, जुना चालत नाही. आणि मशीनच्या आत गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे आतल्या विंडोजसाठीचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर, पुन्हा बसवा. मामांच्या मशीनमध्ये पट्ट्या दिसत होत्या, पण स्क्रीन एवढीशी झाली होती आणि शेवटचा रकाना कापला जात होता. गेस्ट ॲडिशन्स बसवल्यावर तो रकाना पुन्हा पूर्ण दिसू लागला.